कोलिब्री: एक वर्ष घरी, सहा महिने शाळेत

इंटरनेट नसतानाही मुलांना धडे, व्हिडिओ आणि स्वाध्याय देणारं कोलिब्री हे सॉफ्टवेअर मी दीड वर्ष वापरते आहे. पहिलं वर्ष घरी, माझ्या दोन मुलांसाठी. गेले सहा महिने शाळेत, २६ मुलांसाठी. सॉफ्टवेअर तेच, संगणकही तोच. पण दोन्हीकडचा अनुभव इतका निराळा आहे की नुसतं 'छान आहे, वापरून बघा' असं लिहून भागणार नाही. ज्यांच्या लहान गावातल्या शाळेतून एक शिक्षक कमी झालाय आणि मुलं झोपल्यावर ज्यांच्या घरात 'आता आपणच शिकवायचं का' ही चर्चा चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या घरात ती महिनाभर चालली होती.

आधी शाळेची हकीकत. शाळा समितीचा जमाखर्च चार वर्षं मी लिहिते. लहान शाळेला पैसे का पुरत नाहीत, हे मला त्या वहीनं शिकवलं. पैसे येतात ते मुलांची डोकी मोजून आणि खर्च होतो तो खोल्यांवर. पट ३८ वरून २६ वर आला तेव्हा येणारी रक्कम जवळजवळ एक तृतीयांशानं घटली. छप्पर मात्र तेवढंच गळत राहिलं, विजेचं बिल तेवढंच आलं आणि लांबच्या वस्त्यांवरून मुलांना आणणाऱ्या गाडीचा रस्ता काही आखूड झाला नाही. मोठ्या शाळेत ४० जणांच्या वर्गातली चार मुलं गेली तरी वर्ग तसाच चालतो. आमच्याकडे चौथीत चारच मुलं. त्यांतली दोन गेली तरी चौथी शिकवावीच लागते, आणि ती शिकवायला पूर्ण वेळाचा माणूसच लागतो.

कात्री कशाला आधी लागली तेही सांगते, कारण इतर लहान शाळांतल्या पालकांशी बोलले तेव्हा क्रम साधारण हाच निघाला. पहिल्या वर्षी वाचनालयात नवी पुस्तकं येणं थांबलं. दुसऱ्या वर्षी प्रयोगांचं साहित्य गेलं: भिंगं, चुंबकं, तारा, सेल. तिसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा येणारे गाण्याचे शिक्षक यायचे बंद झाले. चौथ्या वर्षी दोन शिक्षकांपैकी एकाची जागाच गेली आणि पहिली ते पाचवीची सगळी मुलं एकट्या बाईंवर आली. बाईंनी कष्टात कसूर केली नाही. पण माझी चौथीतली थोरली घरी येऊन सांगायला लागली, 'आज बाई आमच्याकडे आल्याच नाहीत.' दुसरीतल्या धाकट्याला जोडाक्षरं वाचताना मध्येच अडखळून गप्प बसायची सवय लागली, कारण पुढं सांगायला शेजारी कोणी नसायचं.

तेव्हा आम्ही मुलांना घरी शिकवायचं ठरवलं. त्याआधी आम्ही आमच्याकडचे नियम वाचले आणि शाळेला लेखी कळवलं. तुम्हीही आधी तेवढं कराच. हा विषय सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत मुलानं शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरच्या शिक्षणाला तिथं जवळजवळ वावच नाही. फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी काढावी लागते. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मुलाचं शिक्षण शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' झालं तरी चालतं. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, पण चाचण्या आणि नोंदींचे नियम राज्यागणिक बदलतात.

आता कोलिब्रीकडे येते. जर्मनसह युरोपातल्या कितीतरी भाषांत हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याला कोलिब्री म्हणतात. हे सॉफ्टवेअर लर्निंग इक्वॅलिटी ही ना-नफा संस्था बनवते. तिची सुरुवात २०१२ मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठात झाली. खान अकॅडमी या मोफत ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेचे व्हिडिओ आणि स्वाध्याय इंटरनेट नसलेल्या ठिकाणी पोचवायचे म्हणून तिथल्या काही जणांनी 'केए लाइट' हा प्रोग्राम लिहिला. कोलिब्री हे त्याच्या पुढचं पाऊल. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. विंडोज, लिनक्स, मॅक किंवा अँड्रॉइडवर चालतं. वापरणाऱ्यासाठी मराठीही निवडता येते.

ते काम कसं करतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढची निराशा टळेल. एका यंत्रावर कोलिब्री बसवायचं आणि हवा तो मजकूर त्यात एकदाच उतरवून घ्यायचा. त्यानंतर इंटरनेटची गरज नाही. त्याच वायफायवरचे फोन, टॅब, जुने लॅपटॉप ब्राउझरमधून त्या यंत्राशी जोडले जातात. आमच्या घरी रेंज फक्त गच्चीवर येते. म्हणून सगळा मजकूर मी नातेवाइकांकडे जाऊन, तिथल्या चांगल्या इंटरनेटवर पेन ड्राइव्हमध्ये भरून आणला आणि घरच्या यंत्रात ओतला. एकाच नेटवर्कवर दुसरं कोलिब्री असेल तर त्यावरूनही मजकूर घेता येतो. मजकूर चॅनेल नावाच्या संचांत मांडलेला असतो. चॅनेल अख्खं उतरवायची सक्ती नाही. विषय निवडत गेलं की किती जागा लागेल ते समोर दिसत राहतं. हा हिशेब आधी करा, कारण व्हिडिओंची मोठी चॅनेल जागा फार खातात. मी आधी हावरटपणानं सगळंच निवडलं होतं, मग फक्त गणित, विज्ञान आणि वाचनाची पुस्तकं ठेवली.

पुस्तकांबद्दल विशेष सांगायचं आहे. खान अकॅडमीशिवाय यात प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी आहेत, आफ्रिकन स्टोरीबुकची पुस्तकं आहेत आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचे हलते प्रयोग आहेत. शाळेच्या वाचनालयाचं कपाट काही वर्षं जसंच्या तसं होतं. धाकट्यानं त्यातली सगळी पुस्तकं पाठ केली होती, म्हणजे तो वाचत नव्हता, आठवून म्हणत होता. नव्या गोष्टी हातात आल्या तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. स्टोरीवीव्हरच्या पुस्तकांना पातळ्या आहेत. आम्ही सर्वांत खालच्या पातळीपासून सुरुवात केली, त्याच्या वयापेक्षा दोन वर्षं मागून. त्याला त्याची लाज वाटली नाही, कारण बघायला कोणी नव्हतं. पाच महिन्यांत तो तिसऱ्या पातळीवर पोचला. घरी शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हा. मागं जाऊन पुन्हा चालायला घरी कोणी अडवत नाही.

फेटचे प्रयोग पाहून मला प्रयोगसाहित्याच्या रिकाम्या पेटीचं दुःख थोडं कमी झालं. त्यात वीजमंडल जोडायचा एक प्रयोग आहे. सेल, तार, दिवा, स्विच उचलून जोडायचे. धाकट्यानं सेलची दोन टोकं सरळ तारेनं जोडली आणि पडद्यावरच्या सेलला आग लागली. तो उडालाच. मग त्यानं ती आग दहा वेळा लावली, आणि अकराव्या वेळी मध्ये दिवा घालून विचारलं, 'आता का नाही लागली?' त्या 'का'वर आम्ही दोन दिवस काढले. तरीही सांगते, तिसऱ्या दिवशी मी खरा सेल आणि खरा छोटा बल्ब आणून त्याच्या हातात दिला तेव्हा त्याचा चेहरा काही वेगळाच होता. पडद्यावरच्या तारेला वजन नसतं, ती निसटत नाही, तिचं टोक खरवडावं लागत नाही.

गणिताच्या बाबतीत माझं मत सगळ्यात पक्कं आहे. कोलिब्रीत शिक्षकाचं वेगळं खातं असतं. त्यातून धडे नेमता येतात, छोट्या चाचण्या तयार करता येतात आणि प्रत्येक मुलानं कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते उघडून बघता येतं. थोरलीचे अपूर्णांक चुकत होते. आम्हाला वाटायचं, सराव कमी पडतोय. नोंदी उघडल्यावर दिसलं की ती दर वेळी एकच गोष्ट करते: बेरीज करताना वरचे आकडे वरच्यात मिळवते आणि खालचे खालच्यात. दहातल्या आठ चुका त्याच जातीच्या. मग मी पडद्यासमोरून तिला उठवलं, कागदाच्या पट्ट्या कापल्या, अर्ध्या पट्टीला पाव पट्टी जोडून दाखवली. आठवड्याभरात गाठ सुटली. चूक कुठं आहे ते कोलिब्रीनं दाखवलं, ती दुरुस्त झाली पट्ट्यांनी. दोन्ही लागलं.

काय होत नाही तेही स्पष्ट सांगते. मुलांनी लिहिलेला निबंध ते तपासत नाही. मुलाला बोलतं करत नाही. कोणा एका बोर्डाच्या पुस्तकाला ते बांधलेलं नाही, त्यामुळे तुमच्या पुस्तकातला धडा आणि कोलिब्रीतला स्वाध्याय यांची जुळणी तुम्हालाच करावी लागते. मला या जुळणीला रोज रात्री पाऊण तास लागायचा. इंग्रजीत जेवढा मजकूर आहे तेवढा इतर भाषांत नाही, हेही खरं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोठ्या माणसाचा वेळ. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात १९५१ पासून रेडिओवर भरणारी 'स्कूल ऑफ द एअर' ही शाळा आहे, आता ती इंटरनेटवर भरते. न्यूझीलंडमध्ये पत्रव्यवहारानं शिकवणारी शाळा १९२२ पासून आहे. लांब राहणाऱ्या मुलांसाठी शंभर वर्षं हे प्रयोग चालू आहेत, पण साधन कितीही बदललं तरी लहान मुलाच्या शेजारी बसणारं घरातलं माणूस त्यात गृहीत धरलेलं असतं. आमच्या घरी ते माणूस मी होते, रोज सकाळचे चार तास. मला ते जमलं कारण माझं हिशेबाचं काम मी दुपारी करू शकते. ज्या घरात दोघंही सकाळी बाहेर पडतात त्या घरात कोलिब्री शाळेची जागा घेईल असं मी कोणाला सांगणार नाही.

आठव्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. थोरलीनं एका संध्याकाळी विचारलं, 'आई, आपण कोणाशी भांडायचं?' शाळेत तिची जिच्याशी रोज भांडणं व्हायची ती मुलगी तिला हवी होती. दुसरी गोष्ट वहीतली. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी पट लिहायचा होता. बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या, मुलांची चौकशी केली, धाकट्याचं वाचन ऐकून मनापासून खूष झाल्या. निघताना म्हणाल्या, 'ताई, पट २४ लिहा.' एवढंच. आकडा माझ्याच हातानं लिहायचा होता. २६ खोडून २४ लिहिले आणि शेजारच्या रकान्यात येणारी रक्कम नव्यानं काढली. त्या फरकात वर्षभराचं पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं काम होतं. माझी दोन मुलं चांगली शिकत होती आणि उरलेल्या २४ मुलांच्या टाकीचे पैसे आम्ही घेऊन गेलो होतो. घरी शिकवणाऱ्या कोणालाही मी दोष देत नाही. मी स्वतः ते केलं आणि त्या वर्षी दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. पण हा हिशेब कोणीतरी समोर ठेवायला हवा, म्हणून ठेवते.

वर्ष संपल्यावर मुलं शाळेत परत गेली आणि त्यांच्याबरोबर संगणकही गेला. हातात मावेल एवढी ती पेटी आता बाईंच्या टेबलावर असते. गावातून दोन जुने लॅपटॉप आणि सहा वापरात नसलेले फोन मिळाले. एका पडद्याला तीन मुलं. बाई पहिली-दुसरीला अक्षरं शिकवत असतात तेव्हा चौथी-पाचवी कोलिब्रीवर नेमलेला धडा करतात, मग अदलाबदल. एका खोलीत अनेक इयत्ता असणं ही कमतरताच मानायची गरज नाही. कोलंबियातल्या खेड्यांत १९७० च्या दशकात 'एस्कुएला नुएवा' नावानं हीच पद्धत उभी राहिली. तिथं मुलं स्वतःच्या गतीनं पुढं जाण्याच्या पुस्तिका वापरतात आणि शिक्षक गटागटांत फिरतो. कोलिब्रीतले नेमलेले धडे आम्ही त्या पुस्तिकांसारखे वापरतो.

घरी मला न दिसलेला गुण शाळेत दिसला: गट. शिक्षकाच्या खात्यात मुलांचे गट करता येतात आणि गटाला वेगळा धडा देता येतो. बाईंनी इयत्ता बाजूला ठेवून 'भागाकारात अडलेले' असा गट केला. त्यात तिसरीतला एक, चौथीतले दोन आणि पाचवीतली एक मुलगी आहे. एका पडद्याला तीन मुलं बसवायची वेळ साधनं कमी म्हणून आली, पण त्यानं भलंच केलं. तिघं उत्तर दाबण्याआधी वाद घालतात. थोरलीला भांडायला माणसं मिळाली.

तांत्रिक बाजूचं दोनच गोष्टींत सांगते, कारण दोन्ही आम्हाला महागात पडल्या. वीज गेल्यावर किंवा कोणी पिन ओढल्यावर अशा छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. आमच्या हातून एकदा पिन निघाली आणि दोन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. आता दर शनिवारी मी सगळ्याची प्रत काढते, आणि पेटी बंद करायची ती मेनूतूनच, हे पाचवीच्या मुलांना शिकवलं आहे. दुसरं म्हणजे घड्याळ. अशा काही छोट्या संगणकांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल तर वीज गेल्यावर ते वेळ विसरतात आणि मंगळवारची चाचणी रविवारच्या तारखेनं नोंदली जाते. घड्याळाचा छोटा सुटा भाग मिळतो, तो बसवून घ्या. सगळे गट एकदम व्हिडिओ लावायला लागले की आमची पेटी दमते, म्हणून एका वेळी तीनच गटांनी व्हिडिओ बघायचा असा नियम आहे. स्वाध्याय मात्र सगळे एकदम करू शकतात.

तर घ्यावं का? घरी शिकवत असाल आणि शेजारी बसायला माणूस असेल तर निश्चित. सुरुवातीलाच ते विचारतं, एकट्यासाठी हवं की गटासाठी, आणि दोन्ही मांडण्या चांगल्या आहेत. लहान शाळेसाठी तर मी आग्रहानं सांगेन. ज्या शाळेत शिक्षक आहे पण पुस्तकं, साहित्य आणि दुसरा शिक्षक नाही, तिथं यातल्या पहिल्या दोन गोष्टींची बरीच भरपाई होते.

तिसऱ्या गोष्टीची होत नाही. हे मी ठासून लिहिते, कारण गेल्या बैठकीत एका सभासदांनी तळमळीनंच विचारलं, 'पेटीवर इतकं छान चाललंय, मग दुसऱ्या शिक्षकासाठी अर्ज कशाला? तेवढ्याच पैशांत छप्पर होईल.' छपराची गरज मलाही दिसते, पावसाळ्यात बादल्या मीही ठेवल्या आहेत. पण उत्तर द्यायला माझ्याकडे आकडे नव्हते. मग बाईंनी आणि मी एक साधी गोष्ट केली. भिंतीवर कागद लावला. बाई दुसऱ्या गटात असताना कोलिब्रीवर बसलेल्या मुलाला अडलं आणि त्यानं हात वर केला की मुलानं स्वतः एक रेघ मारायची. बाई पोचल्या की ती रेघ आडवी कापायची. आठवड्याच्या शेवटी ६३ रेघा होत्या, त्यांतल्या १९ कापलेल्या.

उरलेल्या ४४ वेळा मूल हात खाली घेऊन पुढच्या प्रश्नावर गेलं, किंवा नुसतं बसून राहिलं. तो कागद मी घडी घालून दुसऱ्या शिक्षकाच्या अर्जाला जोडला आहे. अर्ज जाऊन तीन आठवडे झाले. भिंतीवर नवा कागद लावला आहे, आणि या वेळी पहिलीच्या मुलांनाही रेघ कशी मारायची ते धाकटा शिकवतो आहे.